प्रकरण सातवे : बंदूक, परवाना आणि नागरिकाचे स्वातंत्र्य

१. एक रास्त प्रश्न

कायद्याविषयी चार शब्द बोलण्याचा प्रसंग सातारा-सांगलीच्या मुलखात ज्याच्यावर येतो, त्याला श्रोत्यांतून एक प्रश्न बहुधा विचारला जातोच. अमेरिकेत माणूस दुकानात जाऊन बंदूक विकत घेतो आणि तो त्याचा घटनादत्त हक्क मानला जातो. मग ज्या मुलखात खंडेनवमीला घरोघर शस्त्रे पुजतात, ज्यातल्या अपशिंगे या एका खेड्याने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, तिथल्या माणसाला एक बारा बोअरची बंदूक घरात ठेवायची तर फौजदाराचा अहवाल आणि जिल्हादंडाधिकाऱ्याचा हुकूम का लागावा?

प्रश्न रास्त आहे. त्याला ठराविकपणे मिळणारी दोन्ही उत्तरे मात्र अपुरी आहेत. 'इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केले आणि आपले सरकार त्यांचीच री ओढते', हे पहिले उत्तर. 'बंदुका वाढल्या की खून वाढतात', हे दुसरे. पहिल्यात इतिहास आहे पण १९४७ नंतरचा नाही, आणि दुसऱ्यात शहाणपण आहे पण कायदा नाही. खरे उत्तर शोधायचे तर 'शस्त्र' कशाला म्हणावे येथपासून आरंभ केला पाहिजे.

२. शस्त्र कशाला म्हणावे

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, शस्त्राची व्याख्या विस्तृत केली आहे. परंतु केवळ घरगुती वा शेतीच्या कामासाठी घडवलेल्या वस्तू, लाठी, साधी हातातली काठी आणि मुलांची खेळणी तिने वगळली आहेत. म्हणून उसाच्या फडात तोडकऱ्याच्या हातात असलेला कोयता कायद्याच्या दृष्टीने हत्यार नव्हे, अवजार आहे. त्यासाठी कोणाच्याही दारात जावे लागत नाही. त्याच कोयत्याने बाजारपेठेत दहशत घालणाऱ्याला मात्र ही सबब उपयोगी पडत नाही, कारण तेथे इतर कायदे उभे राहतात.

तलवार, भाला, गुप्ती अशी धारदार शस्त्रे दुसऱ्या वर्गात येतात. सरकारने अधिसूचना काढलेल्या प्रदेशात, नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याचे शस्त्र परवान्यावाचून बाळगता येत नाही. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याचे छायाचित्र सर्वत्र फिरवणाऱ्या तरुणांना दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जे बोलावणे येते, ते या तरतुदीमुळे. उरल्या बंदुका, पिस्तुले, रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे. हा तिसरा वर्ग, आणि येथे परवान्यावाचून पाऊल टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना गावठी कट्टा बाळगल्याची शिक्षा किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद अशी आहे.

३. हत्यारे काढून घेतली तेव्हा

मराठी राज्यात शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा, आणि बारगीर म्हणजे ज्याला घोडा नि हत्यार सरकारातून मिळे तो. एवढ्या एका भेदावरून ध्यानात येते की, खाजगी माणसाच्या घरातले शस्त्र हे त्या काळी राज्याला वावडे तर नव्हतेच, उलट राज्याचे लष्कर बऱ्याच अंशी त्यावरच उभे होते. शस्त्र बाळगणे हा हक्क की सवलत, ही शंकाच त्या व्यवस्थेत कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. ती शंका निर्माण झाली ती हत्यारे काढून घेणारे राज्य आल्यावर.

१८४८ साली डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची बाजू मांडण्यासाठी लंडनपर्यंत जाऊन चौदा वर्षे अर्ज-विनंत्यांत घालवलेले रंगो बापूजी गुप्ते शेवटी हात हलवीत परतले, आणि १८५७ च्या वणव्यात साताऱ्यातील उठावाची सिद्धता त्यांच्याच प्रेरणेने झाली. कट फुटला. रंगो बापूजी निसटले ते कायमचे अदृश्य झाले. पण ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले, आणि त्यांत त्यांचा मुलगा सीतारामही होता.

त्याच वर्षी सरकारने हत्यारांची नोंद व जप्ती यांचा कायदा केला. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानी मुलखात तो ज्या रीतीने लागू करण्यात आला, तिचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. मुधोळच्या घोरपडे संस्थानातील हलगली नावाच्या खेड्यात राहणाऱ्या बेरडांनी हत्यारे देण्याचे साफ नाकारले. शिकार आणि गावराखण यांवर जगणाऱ्या त्या जमातीला हत्यार देणे म्हणजे पोटावर पाय येणे होते. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने गाव वेढून जाळले आणि पुढाऱ्यांना फाशी दिले. पुढे सहा महिन्यांनी नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन याला ठार केले, त्या उठावामागेही दत्तकाची नामंजुरी या मुख्य दुःखाबरोबर तोफा-बंदुका काढून घेतल्याचा संताप होता. सत्तावनचा इतिहास लिहिताना आपण झाशी-कानपूरकडे इतके पाहतो की, केवळ हत्यारबंदीच्या हुकुमामुळे पेटलेली हलगलीची ही कृष्णा-घटप्रभेच्या खोऱ्यातील ठिणगी नजरेतून निसटते.

नंतर १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक शस्त्र कायदा झाला. त्याचा खरा डंख परवान्यात नव्हता, माफीत होता. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना परवान्याची जरूर नव्हती. हिंदी माणसाला होती. म्हणजे बंदूक धोक्याची वस्तू आहे, असे कायदा म्हणत नव्हता; बंदूक कोणाच्या हाती आहे, यावर धोका ठरत होता. वर्णभेदाची ही तरतूद १९२० च्या सुमारास नियमांतून काढण्यात आली, तोवर चाळीस वर्षे लोटली होती.

४. मागणी, आणि ती कशी मागे पडली

राष्ट्रीय सभेने आपल्या तिसऱ्याच अधिवेशनात, १८८७ साली मद्रासेस, या कायद्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचे आचार्य गांधीजी यांनीसुद्धा १९१८ च्या सैन्यभरतीच्या प्रचारात, ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहास सर्वांत काळा ठरवील, अशा अर्थाचे लिहिले. १९२८ च्या नेहरू अहवालातील मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क समाविष्ट होता. १९३१ च्या कराची ठरावातही तो आला.

इतक्या दिवसांची मागणी स्वराज्य आल्यावर घटनेत उतरणार, असे कोणालाही वाटले असते. डिसेंबर १९४८ च्या आरंभी घटना समितीत नागरी स्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा चालू असता हरि विष्णु कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात घालावा, अशी उपसूचना मांडली. तिला उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, आग्रह धरायचा तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, राष्ट्रावर प्रसंग आला असता शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्याचा धरावा. आणि असा हक्क सरसकट दिला तर चोर नि सराईत गुन्हेगारही तो मागतील, त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? उपसूचना फेटाळली गेली.

हे उत्तर देणारा मनुष्य कोण होता, हे सातारकरांनी तरी विसरू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्याचे नाव दाखल झाले तो हा सुभेदार रामजींचा मुलगा. कंपनीच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महार समाजाला सैन्यभरतीचे दार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाले, याची जाण त्याच्या घरातच होती. ज्याच्या समाजाला शस्त्र धरण्याची संधी सरकारनेच नाकारली, त्याने शस्त्राचा विचार खाजगी मालमत्ता म्हणून न करता सार्वजनिक सेवा म्हणून करावा, यात मला तर मोठी सुसंगती दिसते.

५. घटनेत जे आले ते

अशा रीतीने घटनेत बंदुकीचा हक्क आला नाही. मूलभूत हक्कांच्या भागात शस्त्राचा उल्लेख मात्र दोन ठिकाणी आला. पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शिखांनी कृपाण धारण करणे हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग मानला आहे. दुसरा उल्लेख एकोणिसाव्या अनुच्छेदात, आणि तो नकारार्थी: नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राहील.

'विनाशस्त्र' ही अट वाचताना कोणाला ती निव्वळ बंधन वाटेल. पण जुन्या सातारा जिल्ह्याने या अटीचे मोल घटनेच्या आधी आठ वर्षे चुकते केले होते. (आजचा सांगली जिल्हा तेव्हा बहुतांश साताऱ्यातच होता; १९४९ साली 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.) ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर हजारो लोकांचा मोर्चा गेला, कचेरीवर तिरंगा चढला आणि लोक शांतपणे परतले. ९ सप्टेंबरला वडूजला परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली तसाच मोर्चा निघाला, आणि पोलिसांच्या गोळीबारात घार्ग्यांसह नऊ जण हुतात्मे झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. पंड्या आणि बारपटे हे दोघे तेथे पडले. या मोर्चांच्या हातात झेंडा होता, हत्यार नव्हते.

त्यानंतरची कथा निराळी आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वडूज-इस्लामपूरनंतर चळवळ भूमिगत झाली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने बंदुका मिळवल्या, कुंडलला तुफान सेना उभी राहिली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले ते पहारेकऱ्यांच्याच बंदुका हिसकावून. म्हणजे स्वातंत्र्यासाठी निःशस्त्र मरणारे आणि सशस्त्र लढणारे, दोन्ही या एकाच मुलखाचे; तरीही नव्या राज्याने कायम हक्क म्हणून जो नोंदवला तो तासगाव-वडूजच्या मोर्चाचा, तुरुंगातून हिसकावलेल्या बंदुकीचा नव्हे. परकीय सत्ता उलथण्याचे साधन आणि आपल्याच सरकारला जाब विचारण्याचे साधन एक असू शकत नाही, हा त्यामागील विवेक मला पटतो.

६. हक्क आणि परवाना

आता 'परवाना' ही कल्पना नीट समजून घेऊ. स्वतःच्या विहिरीचे पाणी शेतकरी मनास येईल तेव्हा उपसतो. खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कृष्णा कालव्याचे पाणी घ्यायचे तर त्याला नमुना सातचा अर्ज भरावा लागतो आणि पाळीची वाट पाहावी लागते. विहीर हा हक्क, कालवा हा परवाना. परंतु कालव्याचे पाणी परवान्याने मिळते म्हणून पाटकऱ्याने आपल्या सोयऱ्याला पाणी सोडावे आणि तुमची पाळी कारण न सांगता चुकवावी, असे होत नाही. परवानगी देणाराही नियमाने बांधलेला असतो, आणि भारतीय नागरिकाचे स्वातंत्र्य या प्रकरणी नेमके येथे राहते.

विट्याच्या एखाद्या गलाई व्यावसायिकाचे उदाहरण घेऊ. सोन्या-चांदीची ने-आण असल्यामुळे त्याला रिव्हॉल्व्हर हवे आहे. वय २१ पूर्ण असले पाहिजे. तो सांगलीच्या जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज करील, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र जोडील. अर्ज नजीकच्या पोलीस ठाण्याकडे चौकशीस जाईल. ठाण्याने विहित मुदतीत अहवाल पाठवला नाही, तर अहवालावाचूनही निर्णय देण्याची मुभा अधिकाऱ्यास आहे. नकार द्यायचा तर कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, आणि मागणी केल्यास, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर, ती अर्जदाराला कळवली पाहिजेत. पुरेशी स्थावर-जंगम मालमत्ता नाही, एवढ्याच कारणासाठी परवाना नाकारता येत नाही. गरिबालाही जीव असतो, हे कायद्याने येथे मान्य केले आहे. नकाराविरुद्ध पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे अपील, आणि त्यापुढे उच्च न्यायालय.

परवाना मिळाला की त्याची मुदत पाच वर्षे, आणि एका व्यक्तीकडे बंदुका दोनच. २०१९ पूर्वी त्या तीन होत्या. परवान्यात लिहिलेल्या प्रदेशाबाहेर शस्त्र नेणे हा अटीचा भंग होतो, म्हणून गलाईच्या निमित्ताने परप्रांतात फिरणाऱ्याने तो रकाना वाचूनच गाडीत बसावे. वरातीत हवेत बार काढण्याची हौस मात्र कोणत्याच परवान्यात बसत नाही. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. परवाना नाही म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क नाही, असे नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ यांत तो हक्क पूर्ण दिलेला आहे. घरात शिरलेल्या दरोडेखोरावर प्रसंगानुसार काठी चालवणाऱ्याला कायदा पाठीशी घालतो. हक्क बचावाचा आहे. त्यासाठी अमुकच साधन हाती हवे, असा हक्क नाही.

न्यायालयांतही हा वाद झाला. १९९३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निर्णयात, जीविताच्या हक्कात बंदूक बाळगणे अंतर्भूत आहे, असे म्हटले गेले. त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने पुढे ते मत टिकू दिले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही, अमेरिकेप्रमाणे असा मूलभूत हक्क आपल्या घटनेने कोणास दिलेला नाही, असे स्पष्ट नमूद केले.

७. अमेरिकेतील राज्ये आणि आपली राज्ये

अमेरिकेच्या घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. ती वैयक्तिक हक्क देते, असा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निःसंदिग्ध निर्णय मात्र २००८ चा आहे. २०१० मध्ये तो राज्यांनाही लागू झाला, आणि २०२२ मध्ये न्यू यॉर्क राज्याचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द झाला. त्या नियमाने घराबाहेर पिस्तूल नेण्यासाठी विशेष कारण दाखवावे लागे. म्हणजे आपल्या गलाईवाल्याला जे सांगावे लागते तेच. तेथे अधिकारी असे कारण मागू लागला तर हक्काचा भंग, येथे अधिकाऱ्याने कारण न देता नकार दिला तर हक्काचा भंग.

तिकडे प्रत्येक राज्याचा बंदुकीचा कायदा निराळा आहे. निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ माणसाला पिस्तूल बाळगून फिरण्यास परवानाच लागत नाही. मिसूरी राज्याने तर २०२१ साली संघराज्याचे बंदूकविषयक कायदे आपल्या पोलिसांनी राबवू नयेत असा कायदा केला, आणि संघराज्याच्या न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरवला. आपल्याकडे ही लढाई उद्भवत नाही, कारण शस्त्रे व दारूगोळा हा विषय सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, पाचव्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्राला निराळा बंदूक कायदा करता येत नाही. अपवाद करायचा तोही केंद्राने: कोडगूच्या कोडव समाजाला परवान्यातून जी जुनी माफी आहे, ती २०१९ मध्ये केंद्रानेच २०२९ पर्यंत वाढवली.

राज्याच्या हाती सार्वजनिक सुव्यवस्था उरते. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकारी जो शस्त्र व जमावबंदीचा आदेश काढतात, आणि गणेशोत्सव वा निवडणूक आली की जो वृत्तपत्राच्या आतल्या पानावर हमखास दिसतो, तो यातला. शस्त्र अधिनियमाने सोडलेली लाठी या आदेशात पुन्हा सापडते. निवडणुकीत परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा जातात. पण ती जमा सरसकट नसावी, छाननी समितीने प्रत्येकाचा पूर्ववृत्तांत पाहून ठरवावे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात घेतली.

८. रानडुकराचे पीक

ज्याला बंदुकीची निकड सर्वांत खरी, तो शेतकरी या व्यवस्थेत सर्वांत अडचणीत आहे. पीकसंरक्षणाच्या प्रामाणिक हेतूने ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असे शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलमच सांगते. पण पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांत, जेथे रानडुक्कर आणि गवा रात्रीतून शेत झोपवतात, तेथेच कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३४ म्हणते की, अभयारण्याच्या दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या नावाची वनखात्याकडे नोंद केली पाहिजे, आणि तेथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही.

समजा ती संमती मिळाली आणि बंदूक घरी आली. तरी डुकरावर ती चालवायची तर वनखात्याची आणखी एक परवानगी लागते, कारण परवान्याने बंदूक बाळगता येते, जनावर मारता येत नाही. एका कचेरीने बंदूक द्यायची, दुसरीने चाप ओढण्याची मुभा द्यायची, आणि तोवर शाळू उभा राहायचा, ही रचना वाघासाठी योग्य असेलही. शेतकऱ्यासाठी ती योग्य आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आज त्याच्या हाती व्यवहारात उरतो तो नुकसानभरपाईचा अर्ज, आणि तो वनपरिक्षेत्र कार्यालयात मुदतीच्या आत द्यावा लागतो.